शारजाच्या मुलाची गोष्ट

आयुष्यभर मी लोकांना न घडलेल्या गोष्टी सांगत आलो. इतक्या, की मोजायला बसलात तर वाळवंटातली वाळू आधी मोजून संपेल. पण ही घडलेली आहे. आणि हीच मी आजवर कुणापुढे काढलेली नाही. बायकोपुढे नाही. देवापुढे हात जोडून उभा राहतो तेव्हाही नाही. तिथे मी लगबगीने दुसरंच काहीतरी मागायला लागतो.

मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. जे ओळखतात ते मी तोंड उघडायच्या आधीच हसतात. भाऊ सुटला, आता ऐका! तुम्ही हसणार नाही. म्हणजे — सुरुवातीला हसाल थोडं. हसा. मीही हसायचो.

तर मी भाऊ. खरं नाव आहे एक, पण पासपोर्ट सोडला तर ते कुणी वापरत नाही. दुबईत, बर दुबई भागात, माझं फराळाचं दुकान होतं. चकली, कडबोळी, चिवडा, बेसनाचे लाडू. दिवाळीत दुकानापुढे अशी रांग लागायची की तिचं शेपूट ओमानच्या बॉर्डरवर अडवून पासपोर्ट मागायचे. (बघा, लागलंच वळण. मी काय करू?) राहायला अल मनखूलला, तिसऱ्या मजल्यावर. तेव्हा नव्वदीची वर्षं चालू होती आणि शुक्रवार हाच आमचा रविवार. दर शुक्रवारी सकाळी माझ्या हॉलमध्ये मिसळीचं पातेलं, सोफ्यावर बाप्ये, किचनमध्ये बायका, गालिच्यावर पोरं, आणि मधोमध मी. बोलत.

मी बोलायला लागलो की एसीसुद्धा आवाज कमी करायचा, असं मी सांगायचो. लोक मान डोलवायचे. कुणाला खरं खोटं करायचं होतं? आठवडाभर साइटवर, गोडाऊनमध्ये, साहेबाच्या शिव्या खाऊन आलेली माणसं ती. त्यांना उंट हवा होता, मी उंट द्यायचो.

उंटाचं सांगायलाच हवं. माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट. हत्ता गावाच्या रस्त्याला माझी डिलिव्हरीची व्हॅन वाळूत रुतते. चाकं गायब. चिटपाखरू नाही. इतक्यात वाळवंटातला एक बेदू म्हातारा उंट घेऊन येतो. मी उंटाला एक चकली देतो. उंट डोळे मिटून ती चावतो, आणि दुसऱ्या चकलीच्या आशेने माझी व्हॅन ओढत नेतो ती थेट अल ऐनपर्यंत, हायवेवरून, पोलिसांच्या देखत, आणि पोलीस सॅल्यूट ठोकतात. कुणाला? उंटाला!

खरं काय झालं होतं? व्हॅन रुतली होती हे खरं. शेजारच्या शेतातल्या एका पठाणाने ट्रॅक्टर लावून काढून दिली. पाच मिनिटांत. पहिल्यांदा सांगितली तेव्हा ट्रॅक्टरच होता त्या गोष्टीत. मग हळूहळू ट्रॅक्टरला पाय फुटले.

येतो. मुद्द्यावर येतोच आहे. गाडी रुतली की थोडं मागे घ्यावं लागतं ना?

आमच्याच मजल्यावर पेंढारकर राहायचे. श्रीकांत पेंढारकर, एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत स्टोअरकीपर. मूळचा लांज्याकडचा. सरळ माणूस. इतका सरळ की त्याच्याकडे बघून पट्टी आखून घ्यावी. माझ्या गोष्टीला पहिला हसणारा नेहमी तोच. मी विनोदाच्या निम्म्यात असतानाच त्याचे खांदे हलायला लागायचे. बायको नलिनी, आणि एकच मुलगी, मुग्धा. माझ्या अमेयच्या वर्गात. अमेय पास व्हायचा आणि मुग्धा पहिली यायची, आणि यात मला काहीही वाटायचं नाही, हे नीट ऐकून ठेवा. अमेयला दुकान होतं. हेवा असता तर बरं झालं असतं. हेवा माणसाला कळतो तरी.

मुग्धा अकरावीत असतानाची गोष्ट. शुक्रवार. अबू धाबीहून दोन नवी कुटुंबं आली होती, म्हणजे ताजे कान. मी उंट काढला. काय रंगला होता त्या दिवशी! म्हाताऱ्याची दाढी, उंटाच्या पापण्या, चकलीचा कुरकुर आवाज, सगळं. पोलिसांचा सॅल्यूट यायच्या बेतात होता आणि कोपऱ्यातून, पुस्तकातून मान वर न काढता, ती पोरगी म्हणाली,

“अंकल, लास्ट टाइम इट वॉज अ ट्रॅक्टर.”

मग तो हॉल फुटला. माझा अमेय — माझा, पोटचा — गालिच्यावर गडबडा लोळत म्हणाला, “बाबा, मग ट्रॅक्टरला चकली दिलीत का?” आणि श्रीकांत! पहिला हसणारा! डोळे पुसत होता तो, पाणी येईपर्यंत हसला.

मीही हसलो. सगळ्यात मोठ्याने हसलो. यजमान होतो.

पण त्या दिवसापासून मी तोंड उघडलं की कुणीतरी विचारायचं, “भाऊ, उंट की ट्रॅक्टर?” दुकानात गिऱ्हाईकं विचारायची. गणपतीच्या कार्यक्रमात मी माइक हातात घेतला आणि मागून चार जण ट्रॅक्टरचा आवाज काढायला लागले. पंधरा-सोळा वर्षं जमवलेली मैफल त्या पोरीने एका वाक्यात उठवली. मुद्दाम? छे. तिला काय पडलं होतं? तिला फक्त आठवलं आणि तिने सांगितलं. तेच मला सहन झालं नाही — की तिने ते मुद्दामसुद्धा केलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मुग्धाने अमेरिकेतल्या एका कॉलेजात अर्ज केला. नाव नाही सांगत. एवढं समजा की शंभर पोरं दार ठोठावतात आणि मूठभर आत घेतात, असलं कॉलेज. पण परदेशी मुलाला घेतलं तर सगळा खर्च तेच उचलायचे. पेंढारकरांना परवडेल असं दार जगात तेवढंच एक होतं. बाकी कॉलेजं पैसे मागत होती, आणि स्टोअरकीपरकडे स्टोअर असतं, पैसे कंपनीचे असतात. मुग्धाने लवकरचा अर्ज केला. त्यांच्याकडे तशी पद्धत आहे. इतरांच्या आधी, नोव्हेंबरातच अर्ज करायचा, म्हणजे त्यांना कळतं की मुलीचं मन यांच्यावरच आहे. उत्तर डिसेंबरात. हो म्हणतात, नाही म्हणतात. किंवा तिसरंच काहीतरी म्हणतात.

मुग्धाला तिसरं आलं. आम्हा लोकांना घरी पोस्टमन येत नाही, कंपनीचा पोस्ट बॉक्स हाच पत्ता. त्यामुळे श्रीकांतच्या हातात पाकीट पडायच्या आधी त्याच्या ऑफिसातल्या टपाल उघडणाऱ्या मल्याळी क्लार्कला ते कळलेलं होतं आणि दुपारपर्यंत आख्ख्या बिल्डिंगला. डिफर्ड. आत्ता हो नाही आणि नाहीही नाही. वसंतात बाकीच्या अर्जांबरोबर पुन्हा बघू. शेवटी एक ओळ होती: दरम्यान काही नवीन कळवायचं असल्यास कळवू शकता.

श्रीकांत संध्याकाळी माझ्याकडे आला. पाकीट दोन्ही हातांत धरून. “भाऊ, याचा अर्थ काय लावायचा? तुमचे मेव्हणे आहेत ना तिकडे, न्यू जर्सीला. त्यांच्या मुलीचंही असंच काहीतरी झालं होतं म्हणाला होतात. विचाराल का जरा?”

विचारलं. हे पण सांगून ठेवतो, मी खरंच विचारलं. फोनचं कार्ड खरवडून नंबर लावून मेव्हण्याशी बोललो. तो काय म्हणाला ते मला आज, या घटकेला, त्याच्या आवाजासकट आठवतं. तो म्हणाला, “भाऊजी, त्यांना म्हणावं गप्प अजिबात बसू नका. लगेच लिहा. सहामाहीचे मार्क पाठवा. आणखी एका शिक्षकाचं पत्र पाठवा. आणि स्वच्छ लिहा की घेतलंत तर मी तुमच्याकडेच येणार. आमच्या पोरीने असंच केलं, म्हणून तिला मिळालं. जे गप्प बसतात त्यांना हे लोक विसरतात हो. त्यांना वाटतं, गेली दुसरीकडे.”

“बरं,” मी म्हटलं. “सांगतो.”

आणि फोन ठेवला.

तुम्हाला आता कळलंच असेल. की नाही? तरी सांगतो. सांगायलाच बसलोय.

श्रीकांतची एक गोष्ट मला ठाऊक होती. मुग्धा तान्ही असताना त्याने बायको-मुलीला आणायला फॅमिली व्हिसाचे कागद टाकले होते. काउंटरवरचा माणूस म्हणायचा, “बुकरा.” उद्या या. श्रीकांत रोज उद्या जायचा. अर्धी रजा टाकून, बस पकडून जायचा. शेवटी एक दिवस तो काउंटरवाला वैतागला, फाइल उचलली आणि नामंजूरच्या ढिगात भिरकावली. “खलास.” पुढे दीडएक वर्ष नलिनी आणि पोरगी लांज्याला अडकली. आली तेव्हा मुग्धा बापाला बघून भोकाड पसरून रडली, ओळखेना. हे सगळं त्याने मला माझ्याच सोफ्यावर बसून सांगितलं होतं, डोळे पुसत. म्हणाला होता, “भाऊ, तेव्हापासून काउंटरसमोर तोंड उघडायचं नाही, हा धडा घेतला.”

आणि एकटा श्रीकांतच कशाला? गल्फमधल्या प्रत्येक माणसाने कुठल्या ना कुठल्या खिडकीसमोर हाच धडा घेतलेला असतो. फाइल अडली की हलवायची नाही. जास्त विचाराल तर शिक्का बसेल. आमच्या हाडात मुरलेलं असतं ते. अमेरिकेतल्या कुठल्या बापाला ही थाप पटली नसती. तो हसला असता. आमच्या लोकांना पटणार होती. मला माहीत होतं नस कुठे आहे.

पुढच्या शुक्रवारी हॉल भरला होता. श्रीकांत सोफ्याच्या टोकावर, गुडघ्यावर हात ठेवून. मी मिसळीची वाटी खाली ठेवली आणि म्हणालो, “मेव्हण्याशी बोललो. तो म्हणतो, सांभाळून. शारजात एक मुलगा होता...”

मुलगा कुठचा! शारजात मुलं हजार असतील, हा नव्हता. हा मी तिथे, त्या क्षणी, तर्री पुसायला पाव तोडता तोडता जन्माला घातला. बाप इंजिनिअर. मुलगा असा हुशार की कॅल्क्युलेटर त्याला विचारून उत्तर द्यायचा. त्याचंही असंच अडलं, डिफर्ड. बाप उतावळा. त्याने पत्र लिहिलं. मग फॅक्स केला. मग प्रिन्सिपलकडून फोन करवला. तिकडे अमेरिकेत एक बाई, टोकदार चष्म्याची, गळ्यात मोत्यांची माळ — मी तिला माळसुद्धा घातली! — त्या बाईने फाइल उघडली, कागदांचा गठ्ठा बघितला आणि म्हणाली, एवढी घाई आहे तर यांनी दुसरीकडे जावं. शिक्का. खलास. आणि ती पत्रातली ओळ, काही कळवायचं असल्यास कळवू शकता? तो तर सापळा! दम कुणाला आहे, हे बघायची त्यांची रीत. जो कळवतो तो उतावळा. उतावळ्याला तिकडे उभं करत नाहीत.

हॉल गप्प. ट्रॅक्टरचा आवाज नाही, काही नाही. कितीतरी महिन्यांनी असा गप्प झाला होता तो. मला काय वाटलं सांगू? मजा वाटली. छातीत गुदगुल्या झाल्या. परत आलो मी. श्रीकांत मान हलवत म्हणाला, “बघा. बुकराच की हो हे.” त्याला वाटलं त्याला स्वतःलाच समजलं. चांगल्या थापेची हीच खूण असते: ऐकणाऱ्याला वाटतं, हे तर मला आधीच माहीत होतं.

इथे थांबलो असतो तर? तर कदाचित मी मनाशी म्हणालो असतो, बोलण्याच्या भरात गेलं तोंडातून. गप्पिष्ट माणूस, होतं असं. पण थांबू दिलं नाही तिने.

जानेवारीतली दुपार. दुकानं एक ते चार बंद असायची तिथे. मी शटर अर्धं खाली ओढून चिवड्याच्या पिशव्या भरत होतो. शटरखालून वाकून मुग्धा आत आली. शाळेचा युनिफॉर्म, पाठीवर दप्तर. दप्तरात तिचं पत्र होतं, लिहून तयार. मला माहीत होतं, कारण नलिनीने माझ्या बायकोला सांगितलं होतं: त्या महिन्यात सगळ्या गल्फच्या शाळांमधून गणिताच्या स्पर्धेत ती पहिली आली होती. सहामाहीचे मार्क तर विचारूच नका. फिजिक्सचे सर आपण होऊन पत्र द्यायला तयार होते. म्हणजे मेव्हण्याने सांगितलेलं सगळं, जसंच्या तसं, त्या दप्तरात होतं. कुणी न सांगता त्या पोरीने ते गोळा केलं होतं. फक्त पोस्टात टाकायचं होतं.

“काका, एक विचारू?” ती म्हणाली.

काका म्हणाली. एरवी अंकल. आणि मराठीत बोलली, अडखळत.

“उंटाचं खोटं होतं, ते मला माहीत आहे. इट्स ओके. इट वॉज फनी. पण शारजाचा मुलगा — तो खरा आहे का? बाबा पत्र पाठवू देत नाहीत. मला वाटतं पाठवावं. पण तुम्ही आत्ता, मला एकटीला, खरं आहे म्हणालात तर मी नाही पाठवणार.”

किती सोपं केलं होतं तिने! एक शब्द. “नाही गं, गंमत केली” — झालं असतं. हॉलमध्ये नव्हे, चारचौघांत नव्हे, अर्ध्या शटरच्या आत, चिवड्याच्या वासात. माझी काडीची अब्रू गेली नसती. तिने मला माफ करून ठेवलं होतं आधीच, इट वॉज फनी म्हणून. आणि तिचे डोळे — मी सांगतो, माझ्यावर आजवर कुणी इतका विश्वास टाकून बघितलेलं नाही. ज्या पोरीने माझी थाप पकडली तीच माझ्याकडे खरं मागायला आली होती.

मी आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट बिनफोडणीची सांगितली. बाईची माळ नाही, चष्मा नाही, कॅल्क्युलेटर नाही. आवाज खाली घेतला. हातातली पिशवी ठेवली. तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणालो, “खरा आहे बाळा. अमेयची शपथ.”

तिने मान हलवली. मग म्हणाली, “थँक यू, काका. फॉर बीइंग स्ट्रेट विथ मी.”

मी तिला कडबोळ्यांचं एक पाकीट दिलं. घे, म्हटलं, आईला दे. ती वाकून शटरखालून गेली. मी परत चिवडा भरायला लागलो. हात थरथरले, असं सांगायचा मोह होतोय. नाही थरथरले. त्या दिवशीचं वजन ग्रॅमला बरोबर भरलं.

आणि अमेय? खोटी शपथ घेतली की म्हणतात काहीतरी होतं. काही झालं नाही. ठणठणीत आहे. दोन पोरांचा बाप आहे.

एप्रिलच्या सुरुवातीला नकार आला. पातळ पाकीट, एक कागद. मी त्यांच्याकडे गेलो सांत्वनाला, मीच गेलो, सगळ्यांच्या आधी. मुग्धा आतल्या खोलीत होती, दार लावून. श्रीकांतने माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, “भाऊ, एक समाधान आहे. तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून आपल्या हातून काही चूक झाली नाही. नाहीतर जन्मभर मनाला लागलं असतं, की आपणच घाई केली आणि पोरीचं वाटोळं केलं.”

असं म्हणाला तो. माझे हात धरून.

मी काय केलं? म्हटलं, “नशीब, दुसरं काय.” चहा प्यालो. साखर कमी होती, मागून घेतली.

त्या उन्हाळ्यात मेव्हण्याने फोनवर विचारलं, त्या मुलीचं काय झालं? नाही झालं, म्हटलं. लिहिलं होतं ना त्यांनी? लिहिलं होतं की, म्हटलं, सगळं पाठवलं होतं. तो म्हणाला, कमाल आहे. मी म्हटलं, कमालच आहे.

तुम्हाला वाटत असेल, याच्या मागे काहीतरी मोठं असणार. काही जुनं वैर, जमिनीचं, पैशाचं. मी स्वतः शोधलं हो. असावं म्हणून शोधलं. काही नाही. एक ट्रॅक्टर आहे. बस.

मुग्धाने पोस्टाने बी. कॉम. केलं. तेव्हा त्या देशात आमच्या पोरींना दुसरं फारसं नव्हतं: भारतात धाडा नाहीतर घरी बसून करा, आणि श्रीकांतला पोरगी पुन्हा लांब ठेवायची नव्हती. एकदा ठेवली होती ना. मग तिला एका ट्रॅव्हल एजन्सीत नोकरी लागली. व्हिसाच्या काउंटरवर. मी एकदा तिकीट काढायला गेलो होतो. ती खिडकीच्या पलीकडे बसली होती आणि अलीकडे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला सांगत होती, “कल आना, चाचा. अभी कुछ नहीं आया.” चांगलं बोलत होती, प्रेमाने. गणितात गल्फमध्ये पहिली.

आणि शारजाचा मुलगा? तो मोठा झाला की! थाप एकदा चालायला लागली की तिला बापाची गरज राहत नाही. करामा भागातल्या एका लग्नात मी ती ऐकली. त्याला आता नाव होतं, निखिल. मुंबईच्या विमानात शेजारच्या माणसाने मलाच ऐकवली. म्हणाला, आमच्या बिल्डिंगमध्येच राहायचा हो तो मुलगा, वेड लागलं बिचाऱ्याला. मी विचारलं, खरं? तो म्हणाला, डोळ्यांनी बघितलाय. आणि खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानच वाटला.

शेवटचं सांगतो आणि संपवतो.

काही वर्षं गेली. दोन हजार साल उलटलेलं. घरोघरी कॉम्प्युटर आलेले, लोक शहराबाहेरच्या नव्या टॉवरमध्ये फ्लॅट बघायला जायला लागलेले, पण माझा शुक्रवार अल मनखूलमध्येच होता. केस पिकले, मिसळ तीच. त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीबाई आल्या, बरोबर त्यांची तन्वी, बारावीतली. पोरीचं तोंड उतरलेलं. जोशीबाई म्हणाल्या, अमेरिकेच्या कॉलेजचं उत्तर आलंय, डिफर्ड म्हणतात, काय करावं?

माझ्या हातातला पाव तिथेच राहिला.

मुग्धा बसली होती. पंचविशी ओलांडलेली, आईशेजारी, भाजी निवडत. तीच पहिली बोलली. “काही करायचं नाही, जोशीकाकू. गप्प बसायचं.”

तन्वी म्हणाली, “बट दीदी, वेबसाइटवर लिहिलंय वी कॅन सेंड अपडेट्स.”

“लिहितात ते,” मुग्धा म्हणाली. “टेस्ट असते ती. आय वॉन्टेड टु सेंड टू. बरं झालं नाही पाठवलं.” आणि माझ्याकडे वळून हसली. “काका, तिला शारजाच्या मुलाची गोष्ट सांगा ना. काकांनी मला वेळेवर सांगितली होती.”

श्रीकांत, सोफ्याच्या टोकावर, पार म्हातारा झालेला, म्हणाला, “हां, भाऊ, होऊन जाऊ दे!” खांदे आधीच हलायला लागले होते त्याचे.

सगळे माझ्याकडे बघत होते. तन्वीसुद्धा. तिचे डोळे तसेच होते. आता तरी, तुम्ही म्हणाल. आता तरी भाऊ तोंड उघडेल आणि —

उघडलं. “शारजात एक मुलगा होता,” मी म्हणालो. “बाप डॉक्टर. मुलगा असा हुशार, असा हुशार...”

“काका,” मुग्धा म्हणाली. भाजीवरून मान वर न काढता. “बाप इंजिनिअर होता. लास्ट टाइम इंजिनिअर सांगितला होतात.”

कुणी हसलं नाही.

“हो,” मी म्हटलं. “बरोबर. इंजिनिअर.”

आणि पुढे सांगत गेलो.